तरुण संघासाठी निधी उभारायचा आहे: गमतीच्या कल्पना सुचवा, पण त्याच त्या उंबऱ्यांवर भार नको

नेवासेकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. मी नेवासे तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या सभासद-समुदायाच्या) तरुण संघाचा सचिव आहे. आमचे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चे असून मंडळीत साधारण ११० कुटुंबे आणि तरुण संघात ३२ मुले-मुली आहेत. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) ज्या खोलीत भरते तिचे पत्रे गंजून चाळण झाले आहेत आणि यंदाच्या पावसात लहान मुलांना दोन रविवार चर्चच्या व्हरांड्यात बसवावे लागले. पत्रे, लोखंडी कैच्या आणि पन्हळ मिळून मिस्त्रीने १,१०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यातील निम्मी रक्कम कमिटी देणार असून उरलेले ५५,००० रुपये पुढच्या मे महिन्याच्या आत तरुण संघाने उभे करावेत असे ठरले आहे.

अडचण पैशांपेक्षा वेगळीच आहे. महिला मंडळाचा सेल, नाताळची वर्गणी, कन्व्हेन्शनचा खर्च, कोणाच्या आजारपणासाठीची मदत, या सगळ्यांसाठी आपण त्याच ११० घरांची कडी वाजवतो. मागच्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने जेवणाची कुपने छापली आणि शेवटी हिशेब केला, तर निम्म्याहून अधिक कुपने आमच्याच आईवडिलांनी घेतलेली निघाली. आता आमच्यापैकी कोणाच्या हातात पावतीपुस्तक दिसले की लोक आधी खिडकीतून पाहतात आणि मग दार उघडावे की नाही ते ठरवतात.

इंटरनेटवरच्या याद्या पाहिल्या. त्यांत सर्वांत वर गाड्या धुण्याचा कार्यक्रम असतो. आमच्याकडे मार्चनंतर टँकर येतो. तेथे पाइप लावून गाड्या धुणाऱ्या मुलांना पैसे मिळण्याऐवजी बोलणी मिळतील. म्हणून विचारतो की मुलांना करताना मजा येईल आणि देणाऱ्याला ओझे वाटणार नाही, असे कोणी काही केले आहे का?

जुना सभासद, पिंपरी

सचिवसाहेब, तुमच्या जिल्ह्यात हंगामाचा सण (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा चर्चमधील सण) होतो आणि त्या दिवशी लिलावही होतो. तो बहुधा कमिटीच्या हाती असतो. यंदा कमिटीकडे तो लिलाव, निदान त्याचा दुसरा भाग, तरुण संघासाठी मागून घ्या. मी लहानपणापासून हे लिलाव पाहत आलो आहे. लोकांना पैसे देताना इतके हसताना मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही.

लिलावाचे गमक वस्तूत नसते, तो पुकारणाऱ्याच्या तोंडात असते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक लिलाव पुकारत असत. त्यांना गावातल्या प्रत्येक घराची खडान्‌खडा माहिती होती. मेथीची जुडी हातात धरून ते म्हणत, “ही जुडी ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी आज भांडण होणार नाही, आणि मला दोन घरे ठाऊक आहेत जिथे तिची फार गरज आहे.” मग ती दोन्ही घरे इरेला पेटत. दहा रुपयांची जुडी दीडशेला जाई. खरी मजा त्याच्याही पुढे होती. घेणारा उठून म्हणे, “पुन्हा प्रभूला,” आणि ती जुडी परत टेबलावर येई. एक गावरान कोंबडी मी एका दुपारी सात वेळा विकली गेलेली पाहिली आहे. शेवटी बिचारी टोपलीत डोळे मिटून बसली होती.

चार गोष्टी मात्र पाळाव्यात. आरंभीची बोली अगदी लहान ठेवावी, म्हणजे ज्याच्याजवळ वीसच रुपये आहेत तोही एकदा तरी हात वर करू शकतो. मधे एक फेरी फक्त लहान मुलांसाठी ठेवावी, तिची मर्यादा दहा रुपये. लिलाव जेवणाच्या आधी उरकावा, कारण जेवल्यावर माणसे पेंगतात आणि बोली बसते. उधारी मुळीच ठेवू नये, कारण सणाच्या दिवशी उदार झालेला माणूस बुधवारी तितका उदार राहत नाही.

वसईची लेक

आम्ही कॅथलिक. आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील) युवा गटाने अनेक वर्षे नाताळात गोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा घेतली. प्रवेशशुल्क अगदी मामुली असे, पण गोठे पाहायला येणाऱ्यांसाठी आम्ही वाटेवर चहा आणि गरम फुग्यांचा (आमच्याकडचे पिठाचे तळलेले गोळे) ठेला लावत असू आणि खरे पैसे तिथे जमत.

मला तुमच्या प्रश्नातील ‘उंबरे’ हा शब्द फार पटला. आमच्या गटातील एका ताईंनी एकदा सभेत सरळ विचारले होते की हा पैसा कोणाच्या खिशातून येणार आहे, जुन्या की नव्या? त्यानंतर आम्ही प्रत्येक कल्पना याच प्रश्नाच्या चाळणीतून काढू लागलो. आगाशीकडची राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात, हे आमच्यासाठी रोजचेच. पण मुंबईत राहणाऱ्या, गावाशी संबंध सुटलेल्या लोकांना त्याची किती ओढ असते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्ही दोन-तीन घरांतून सुकेळी आणि बाटलीतला मसाला घेतला, घरवाल्यांना त्यांचा दर पूर्ण दिला, वर थोडी रक्कम ठेवून मुंबईतील तीन चर्चच्या आवारांत रविवारी मिस्सानंतर (उपासनेनंतर) विकला. दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या झाल्या. खिसे नवे, आणि गावातील आजींनाही दोन पैसे मिळाले.

तेव्हा तुमच्या गावात असे काय आहे, जे तुम्हाला रोजचे वाटते आणि शहरातल्या माणसाला अप्रूप वाटते, याचा आधी विचार करावा.

संभाजीनगरचा

वसईच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर नेवाशात उभे आहे, आणि तेही शेतात. हुरडा!

नेवासे फाटा नगर–संभाजीनगर रस्त्यावर आहे, त्यामुळे दोन्ही शहरांतील मंडळ्यांना सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. जानेवारीत ज्वारी हुरड्यावर आली की एखाद्या सभासदाच्या मळ्यात आगटी पेटवा आणि शहरातील दोन मंडळ्यांच्या तरुण संघांना सहकुटुंब निमंत्रण द्या. माणशी ३०० रुपये म्हटले तरी कोणी कुरकुर करणार नाही, कारण व्यावसायिक हुरडा पार्टीला याहून पुष्कळ अधिक मोजावे लागतात.

थोडे अनुभवाचे बोल. हुरड्यासाठी सुरती किंवा गूळभेंडीसारखे वाण लागते. साध्या ज्वारीची कणसे भाजून दिली तर पाहुणे तोंडदेखले छान म्हणतील आणि पुन्हा येणार नाहीत. त्यामुळे कोणाच्या रानात कोणते वाण पेरायचे आहे ते पेरणीपूर्वी, म्हणजे आत्ताच विचारून ठेवा. गोवऱ्या कोरड्या हव्यात. कणीस गरम असतानाच हातावर चोळावे लागते आणि हे काम मऊ हातांचे नाही. आमच्या वेळी शहरातील मुलांनी हौसेने कणसे चोळायला घेतली आणि पाच मिनिटांत सगळे हात झटकत उभे होते. शेवटी गावातील दोन मावश्यांनी सुपावर सुपे भरून दिली आणि त्या दिवशीचे नायकत्व त्यांच्याकडे गेले. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या, बोरे आणि ऊस. दुपारी पिठले-भाकरी. मधल्या वेळात पोत्यांची शर्यत, विटीदांडू आणि झाडाखाली ढोलकी-झांजांवर भजने. बाहेरून काहीही भाड्याने आणू नका, त्यातच नफा जातो.

हडपसरची मुलगी

इतके कष्ट कशाला? आम्ही एका संध्याकाळी हौजी (तिकिटावरचे आकडे जुळवण्याचा खेळ) ठेवली होती. तिकीट ५० रुपये, बक्षिसे कुकर, इस्त्री आणि भिंतीवरचे घड्याळ. तीन तासांत भरपूर रक्कम जमली आणि हसून हसून पुरेवाट झाली.

निवृत्त खजिनदार

हडपसरच्या मुलीचा उत्साह मला आवडला, पण मी माझ्या मंडळीत हौजीला आणि सोडतीला वीस वर्षे विरोध केला आणि आजही करीन. एक कारण विश्वासाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत जुगार आणि दारू यांनी माणसे बुडालेली आहेत आणि त्याच घरातील मुलाने चर्चच्या आवारात आकड्यांवर पैसे लावावेत हे मला रुचत नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. राज्य सरकारच्या परवानगीवाचून लॉटरी चालवणे हा गुन्हा आहे, आणि ‘भाग्यवान सोडत’ असे गोड नाव दिल्याने तिकिटांची सोडत काही वेगळी ठरत नाही. हौजीत बक्षिसे वस्तूंची असली तरी तिकीट विकून नशिबावर बक्षीस, हा साचा तोच राहतो.

हिशेबाबद्दल न विचारताच सांगतो. एका मंडळीत तरुण संघाने एका मुलाच्या स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड छापून सगळीकडे लावला. मुलगा प्रामाणिक होता. पण त्याच खात्यात त्याचा पगार येत असे आणि त्याच खात्यातून मोटारसायकलचा हप्ता जात असे. तीन महिन्यांनी कोणते पैसे कोणाचे हे त्याला स्वतःलाच सांगता येईना आणि एक चांगला कार्यकर्ता मंडळीपासून कायमचा दुरावला. म्हणून पैसे चर्चच्या नोंदणीकृत खात्यातच घ्यावेत, पावत्यांवर अनुक्रमांक असावेत, रोख मोजताना दोन माणसे असावीत आणि दर रविवारी जमा-खर्च फळ्यावर लिहावा. तरुण संघ चर्चच्या विश्वस्त संस्थेच्या छायेखाली काम करत असेल तर तिच्याच पावत्या वापराव्यात. स्वतंत्र गट म्हणून गावात वर्गणी मागायची झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात, तीच ही.

आणखी एक. कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाची बहीण कॅनडात, त्यांच्याकडून पैसे मागवण्याचा मोह होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी मानली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी परकीय ठरते, मग तो मूळचा नेवाशाचा का असेना, आणि ती घेण्यासाठी परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पत्र्यांपायी चर्चला नोटीस येऊ देऊ नका.

हडपसरची मुलगी

काका, कायद्याचे पटले. मजेचे मात्र पटले नाही, कारण तुमच्या लिलावातही माणूस ईर्ष्येनेच दहाची मेथी दीडशेला घेतो.

निवृत्त खजिनदार

घेतो खरा. पण हरलेला माणूस पैसे न देता घरी जातो.

स्तोत्रप्रेमी, सोलापूर

आमच्या तरुण संघाने केलेला प्रयोग सांगते. त्यात भांडवल शून्य लागते. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. एका शनिवारी सकाळी सहापासून सगळी स्तोत्रे क्रमाने, मोठ्याने, न थांबता वाचायची आणि प्रत्येक स्तोत्रासाठी एक पुरस्कर्ता शोधायचा, एका स्तोत्राला १०० रुपये. पुरस्कर्ता मंडळीतलाच हवा असे नाही. आमच्या मुलांनी आपले शिक्षक, कार्यालयातील वरिष्ठ आणि किराणा दुकानदार यांनाही विचारले. त्यांतील पुष्कळांनी आनंदाने दिले आणि दोघे तर “आमचे स्तोत्र केव्हा आहे?” असे विचारत ऐकायला आले.

यात गंमत आपोआप येते. २३वे स्तोत्र सर्वांनाच हवे असते, म्हणून त्याचा आम्ही छोटासा लिलावच केला. ११७व्या स्तोत्रात दोनच वचने आहेत, ते मागणारे आळशी आधीच रांगेत उभे असतात. ११९व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत. ते कोणी वाचायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो मुलगा शंभराव्या वचनाला पाणी मागू लागला, तेव्हा त्याच्या आजी पुढे आल्या, चष्मा लावला आणि उरलेली ७६ वचने एका बैठकीत वाचून मोकळ्या झाल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) घ्यायचे म्हटले तर तुमच्या-आमच्या प्रोटेस्टंट प्रतीत १,१८९ अध्याय आहेत. अध्यायाला दहा रुपये धरले तरी ११,८९० होतात, पण त्याला रात्रंदिवस पाळ्या लावाव्या लागतात. पहिल्या वर्षी स्तोत्रांवरच थांबा.

पणजीहून

माझे आजोळ तुमच्याकडचे, सासर गोव्यातले. मडगावात पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेताचे फेस्त भरते. सुकी मासळी, मिरची, आमसुले, अशी चार महिन्यांची बेगमी लोक तिथे करतात. त्यावरून सुचले. तुमच्याकडे एप्रिलमध्ये घरोघर वाळवण सुरू असते. कुरडया, सांडगे, पापड घालण्यासाठी बायकांना हात कमी पडतात आणि गच्च्या मोकळ्या असतात. महिला मंडळाने चीक शिजवावा, मुलांनी साचा दाबावा, राखण करावी, कावळे हाकावेत. शहरात नोकरी करणाऱ्या बायका आधी पैसे देऊन मागणी नोंदवतील. आधी मागणी आणि मगच वाळवण, हा क्रम उलटा करू नका.

ईशान्येत नोकरी केलेला

लष्करात असताना काही काळ मिझोराममध्ये होतो. तिथल्या प्रेस्बिटेरियन स्त्रिया घरात भात शिजवताना दर वेळी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात आणि ही रीत १९१०पासून चालत आली आहे. ते मग घरोघरून गोळा केले जातात. तुमच्याकडे बाजरी-ज्वारीची मूठ काढता येईल. भार याच उंबऱ्यांवर पडतो हे मान्य, पण मुठीचा भार कोणाला जाणवत नाही.

नेवासेकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या सभेत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. लिलाव, स्तोत्रवाचन आणि हुरडा एकमताने मंजूर झाले. मुठीच्या धान्याबद्दल महिला मंडळ विचार करीत आहे.

आमच्या पाळकसाहेबांनी एक भर घातली. बायबलात मत्तयाच्या २५व्या अध्यायात धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती पैसे देतो, दोघे ते वाढवतात आणि एक पुरून ठेवतो, त्या दृष्टान्तावरून त्यांनी एका ज्येष्ठ सभासदांकडून २,००० रुपये उसने घेतले आणि २० मुलांना प्रत्येकी १०० रुपये वाटले. नाताळच्या आधीच्या रविवारी ते वाढवून परत आणायचे, आणि कसे वाढवले ते मंडळीसमोर सांगायचे. पुरून ठेवले तरी चालेल, पण तेही समोर येऊन सांगायचे. शिवाय नगर रस्त्यावरच्या वसाहतींतून रद्दी गोळा करून विकणार आहोत, हा विचार आमचा स्वतःचा आहे.

नेवासेकर (धागाकर्ता)

पाच महिन्यांनी हिशेब देण्यासाठी हा धागा वर काढत आहे, कारण खजिनदार काकांनी फळा म्हटला होता आणि हा धागाही आम्ही फळाच मानला.

हंगामाच्या सणाच्या लिलावातून १७,६४० रुपये मिळाले. त्यांतील ४,३०० एका तांबड्या भोपळ्याचे आहेत. १५० स्तोत्रांपैकी १३१ स्तोत्रांना पुरस्कर्ते लाभले आणि १३,१०० जमले. उरलेली १९ आम्ही तशीच वाचली. ११९वे स्तोत्र चौघांत वाटून घेतले, आमच्याकडे सोलापूरच्या आजी नव्हत्या.

शंभर रुपयांचा प्रयोग सर्वांत रंगला. २,००० रुपयांचे ६,८७० झाले, उसने परत करून ४,८७० उरले. एकीने मेंदी काढली, एकाने उपासनेनंतर भेळ विकली, एकाने सायकलींचे पंक्चर काढले. एका मुलाने कोंबडीची पिले घेतली, ती सगळी मुंगसाने नेली. त्याने व्यासपीठावर उभे राहून तेवढेच सांगितले आणि खाली बसला. त्या रविवारी सर्वांत मोठ्या टाळ्या त्याला मिळाल्या.

रद्दीचे ३,११५ झाले. पहिल्या खेपेला आम्ही दुकानदाराच्या काट्यावर विश्वासून माल दिला. दुसऱ्या खेपेला किराणा दुकानातून काटा उसना आणून आधी घरी वजन केले, तेव्हा पहिल्या खेपेला काय झाले असावे ते कळले.

हुरड्याला ७४ पाहुणे आले. २२,२०० जमले, ९,३५० खर्च झाला, १२,८५० उरले. गूळभेंडी पेरणारे काका आधी मिळाले म्हणून जमले. दोन मावश्या आम्हीही बोलावल्या होत्या. एक चूक झाली, दह्याचा अंदाज चुकला आणि अकरा वाजताच दही संपले.

एकूण ५१,५७५ रुपये. अजून ३,४२५ कमी आहेत. एप्रिलमध्ये वाळवण घालणार असून २६ मागण्या पैशांसह आल्या आहेत. कुरडयांचा साचा मात्र एकच आहे. कोणाकडे पितळी साचा पडून असेल तर कळवावे, वापरून घासून-पुसून परत करू.

जुना सभासद, पिंपरी

भोपळा किती वेळा विकला गेला, ते नाही लिहिलेत.

नेवासेकर (धागाकर्ता)

नऊ वेळा. शेवटी ज्या काकूंनी आणला होता त्यांनीच घेतला आणि दुसऱ्या रविवारी शब्बाथशाळेच्या मुलांसाठी त्याचे घारगे करून आणले.